लवंग आणि सकाळ

दाढदुखी बहुधा रात्रीच बळावते. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्त अधिक जाते, दाढेच्या सुजलेल्या गाभ्यावरचा दाब वाढतो आणि मन दुसरीकडे वळवायला जवळ काही उरत नाही. दवाखाने बंद असतात, स्वयंपाकघर मात्र उघडे असते. या दुखण्यावरचे घरगुती उपाय मसाल्याच्या डब्यातून निघाले, ते म्हणूनच.

इंदूरच्या आमच्या घरात हे खाते आजीकडे होते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून आधी गुळण्या, मग दुखऱ्या दाढेखाली एक लवंग. ठणका फारच असला तर कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा थेंब. हिंग, तुरटीचे पाणी, पेरूच्या पानांचा काढा ही दुसरी फळी. पुढे शेजारच्या हिंदीभाषक कुटुंबांकडून मीठ आणि मोहरीचे तेल हिरड्यांना चोळण्याची रीतही आमच्याकडे आली. परमुलखात पिढ्या गेल्या की बोलीप्रमाणे औषधेही शेजार धरतात.

हे सारे भाबडेपणाचे नव्हते. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य ज्ञानतंतूंना काही काळ बधिर करते. दातांचे डॉक्टरही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दातात तात्पुरते भरतात. मिठाच्या गुळण्यांनी अडकलेले अन्नकण निघतात, हिरडीला आराम पडतो. मात्र लवंगेचे निव्वळ तेल हिरडीला वारंवार फासले तर ती पोळते. ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवणाऱ्यांचेही तेच होते.

जुने म्हणून सगळेच जपण्यासारखे असते असेही नाही. आपल्यातील कित्येक घरांत वडीलधाऱ्या बायका तव्यावर तंबाखू भाजून तिची मिश्री दातांना लावीत. त्या बधिरतेची किंमत तोंडाच्या कर्करोगाने मोजावी लागू शकते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण कायद्याचा हात घरच्या तव्यापर्यंत पोहोचत नाही.

आमचे धाकटे मामा लवंगेचे मोठे भक्त. सदऱ्याच्या खिशात लवंगांची डबी असे. दाढ किडली तेव्हा त्यांनी चार महिने लवंगेवर काढले आणि एके दिवशी दुखणे आपोआप थांबले. मामांनी ते लवंगेचे यश मानले, भेटेल त्याला सांगितलेही. वास्तविक दाढेतील नस मेली होती, म्हणून कळ थांबली होती. जंतू मुळाशी उतरून आपले काम करीतच होते. काही आठवड्यांनी जबड्याखाली सूज आली, ताप चढला, तोंड उघडेना, घोट गिळवेना. रुग्णालयात गळ्याला छेद देऊन पू काढावा लागला. मामा वाचले, पण ते दिवस आठवले की मामींचा आवाज अजून कापतो.

आजी लवंग हातावर ठेवताना नेहमी म्हणे, ‘आता एवढी रात्र काढ, सकाळी डॉक्टरांकडे जाऊ.’ आणि सकाळी दुखणे थांबले असले तरी ती नेतच असे. मामांकडे लवंग तेवढी उरली होती, सकाळ गळून गेली होती. किडीने पडलेले भोक कोणत्याही काढ्याने बुजत नाही. ते भरून घ्यावे लागते. कीड गाभ्यापर्यंत गेली असेल तर रूट कॅनल करावे लागते, नाहीतर दाढ काढावी लागते.

आपण दूरच्या मुलखात राहून वाडवडिलांचे पुष्कळ जपले. हा उपायही अवश्य जपावा, पण पुरता जपावा. दाढ दोन दिवसांहून अधिक दुखली, तर लवंग चघळत बसू नये. गालावर सूज, ताप, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास, यांपैकी काहीही दिसले तर सकाळचीही वाट पाहू नये.