बोटाखालची मराठी

फोनवर देवनागरीत लिहिता येतं, याचा मला रोज आनंद होतो. निरोप, याद्या, लेखांचे कच्चे खर्डे हे सगळं मी देवनागरीतच लिहिते. एखादा जुना शब्द अडला तर मोल्सवर्थचा १८५७चा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देवनागरीत शोधता येतो, तोही उभ्या उभ्या, रांगेत थांबलेली असताना. पण त्याच फोनवर दिवसातून कितीदा तरी चिडचिड होते, आणि तिचं कारण मला यंत्राच्या मर्यादेत सापडत नाही. मराठी माणूस मराठीत का लिहीत नाही, ही चर्चा आपण नेहमी अस्मिता, न्यूनगंड, इंग्रजी शाळा यांच्याभोवती करतो. मला वाटतं, निदान फोन आणि संगणकापुरतं तरी उत्तर बरंच साधं आहे. ज्याला दोन कळा कमी लागतात आणि दोन पैसे कमी पडतात, ते माणसं लिहितात. आणि किती कळा लागाव्यात, किती पैसे पडावेत, हे आपल्या आधी कुणीतरी ठरवलेलं असतं.

एसएमएसचा हिशेब पाहा. एका संदेशात १४० बाइट मावतात. रोमन अक्षरं सात बिटांत बसतात, म्हणून इंग्रजीत १६० अक्षरं जातात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, त्यामुळे मर्यादा थेट ७०वर येते. बरं, हे ७० म्हणजे आपण मोजतो तशी अक्षरंही नव्हेत. ‘स्त्री’ आपल्या लेखी एक अक्षर. फोनच्या लेखी मात्र स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा तीच खूण, र आणि वेलांटी अशी सहा चिन्हं. प्रत्येक संदेशाला पैसे पडत त्या काळात चार ओळींचा मराठी निरोप दोन-तीन संदेशांच्या भावाने जाई, आणि तोच निरोप रोमन अक्षरांत एका संदेशात बसे. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांना लागली ती अशी. त्या पिढीला मराठीची लाज वाटत होती असं म्हणणं अन्यायाचं आहे. तिने फक्त स्वस्त रस्ता धरला. पुढे संदेश जवळजवळ फुकट झाले, पण तोवर बोटं वळलेली होती.

संगणकावर याहून बिकट अवस्था होती. छपाईच्या धंद्यात श्री-लिपी, शिवाजी, कृतीदेव असे फॉन्ट चालत. त्यांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेले असत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. फाइल दुसऱ्या संगणकावर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की मजकुराचा चिखल व्हायचा. असा मजकूर शोधता येत नसे, क्रमाने लावता येत नसे. खरं तर तोडगा केव्हाच निघाला होता. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा सामायिक कळफलक १९८६चा. भारतीय लिप्यांची इस्की ही संकेतप्रणाली १९८८ची, आणि १९९१मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी तिच्यावरूनच घेतली. तरीही विंडोज एक्सपीसारख्या, घराघरांत पोचलेल्या प्रणालीत देवनागरी नीट दिसण्याची सोय मुळात बंद ठेवलेली असे. सेटिंग्जमध्ये खोल जाऊन एका चौकटीत खूण करायची, मग मूळ सीडी घालायची, तेव्हा ती सुरू होई. सीडी हाताशी असलेले किती जण असतील? सोय संगणकात होती आणि वापरणाऱ्याला ती नव्हती, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकी वाटते. तंत्रज्ञानाने मराठीला अडवलं नव्हतं. ‘आधी बंद, मागितलं तर चालू’ या एका निर्णयाने अडवलं होतं.

इनस्क्रिप्टबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या आनंदाचा मोठा वाटा तिथे आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. ज्या कळेवर क, तिच्यावरच शिफ्ट दाबून ख. ज्या कळेवर त, तिच्यावरच थ. वर्णमालेची जी रचना लहानपणी तोंडपाठ केली, तीच बोटांखाली येते. पहिले काही दिवस हात अडखळतो, मग लिहिताना लिपीचाच विचार होतो, इंग्रजी स्पेलिंगचा नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१३मध्ये आणलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डमध्येही असंच सुख आहे. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती मात्रांचं चक्र उघडतं, आणि बाराखडी बोट सरकवून लिहिता येते. लिपी कशी चालते हे ओळखून कुणी साधन बनवलं की ते किती सहज होतं, याचे हे दोन पुरावे. दोन्ही आपल्याकडे घडले आणि दोन्ही बहुसंख्य मराठी माणसांना माहीत नाहीत, कारण फोन हातात येतो तेव्हा ते समोर नसतात.

आता चिडचिड. ‘दऱ्या’मधला अर्धा र, जो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर न जाता डावीकडे बाक घेऊन बसतो, तो मराठीत रोज लागतो: ‘करणाऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘सुऱ्या’. युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ आहे, पण त्या चिन्हापुढची मूळ नोंद द्राविडी भाषांतला उच्चार दाखवण्यासाठी अशी आहे. मराठीची गरज तिच्यात नंतर सामावली. काही कीबोर्डांवर हा ‘ऱ’ सापडतच नाही, काहींवर र बराच वेळ दाबून ठेवावा लागतो. परिणामी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतही दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्यांचे आचार्य होतात. ‘ॲ’ची कथाही अशीच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८मध्ये. त्याआधीचा मजकूर अ आणि चंद्र जोडून लिहिलेला आहे. डोळ्यांना ‘ॲप’ आणि ‘अॅप’ सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. अर्ध्या र चेही असेच दोन संकेत प्रचारात आहेत. म्हणून एखादा शब्द समोरच्या पानावर ढळढळीत दिसत असतो आणि शोध मात्र सांगतो, सापडला नाही.

यावर आक्षेप आहेत आणि त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा, की आता कसलीच अडचण उरली नाही, कीबोर्ड फुकट मिळतो, तरीही तरुण रोमन लिपीत लिहितात. म्हणजे ही त्यांची आवड आहे. आवड असेल तर मला तक्रार करायची नाही. पण निवड म्हणायची तर दोन्ही वाटा सारख्या सोप्या हव्यात. नवा फोन सुरू करताना इंग्रजी कीबोर्ड आपोआप समोर येतो, मराठी शोधून घालावा लागतो. शिवाय रोमन मराठीत लिहिणाऱ्याचे श्रम वाचतात ते वाचणाऱ्याच्या माथी जातात: ल की ळ, न की ण, त की ट, हे त्याने संदर्भावरून ओळखायचं. घरगुती गप्पांत ते चालून जातं. औषधाच्या वेळा किंवा गावाचा पत्ता कळवताना ते चालू नये.

दुसरा आक्षेप बोलून लिहिण्याचा. २०१७पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोललं की अक्षरं उमटतात, मग कळांचा वाद कशाला? ज्यांना टंकता येत नाही अशा असंख्य माणसांना या सोयीने लिहितं केलं आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण लोकलच्या डब्यात, कचेरीत, आजाऱ्याच्या खोलीत बोलून लिहिता येत नाही. खाजगी मजकूर मोठ्याने उच्चारता येत नाही. आणि लिहिता लिहिता विचार करायची ज्यांना सवय आहे, त्यांना वाक्य आधी तोंडात पूर्ण करून मग उतरवणं जमत नाही; मला तरी जमत नाही. बोलून उमटलेल्या मजकुरातली चूक दुरुस्त करायलाही शेवटी कीबोर्डच लागतो.

तिसरा आक्षेप बाजाराचा: जे खपतं ते कंपन्या देतात, मराठीला मागणी नसेल तर दोष कुणाचा? इथे नियमांचा अनुभव पाहावा. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६च्या मानकाने भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता येणं आणि हिंदी, इंग्रजीखेरीज आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणं आवश्यक ठरवलं. मागणी जमण्याची वाट पाहत न बसता जे करायला हवं होतं, ते या मानकाने केलं. तरी त्यात एक फट राहिली. लिहिता ‘येणं’ सक्तीचं झालं, पण लिहिण्याची सोय पहिल्या पडद्यावर ठेवणं सक्तीचं झालं नाही.

सोय असूनही ती समोर न येण्याचा हाच प्रकार अक्षरांच्या वळणातही दिसतो. ल आणि श यांच्या आकाराचा आग्रह पुष्कळांना भावुक वाटतो. राज्य शासनाच्या २००९च्या निर्णयाने पाकळ्यांचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं ठरवली, तरी बहुतेक पडद्यांवर हिंदी वळणाची दिसतात. वाचायला त्याने काही अडत नाही, हे मान्य. पण अनेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं आधीच भरलेली असतात. मजकूर मराठी आहे अशी खूण संकेतस्थळाने किंवा ॲपने लावली की मराठी रूप आपोआप उमटतं. म्हणजे अडलं आहे एका खुणेवर. पहिलीतलं मूल वहीत जो ल गिरवतं तोच त्याला पडद्यावर दिसावा, यासाठी एवढं करणं जड नाही.

म्हणून माझी मागणी लहान आणि नेमकी आहे. महाराष्ट्रात फोन पहिल्यांदा सुरू होताना भाषेबरोबर कीबोर्डही विचारला जावा. मराठी कीबोर्डवर ळ, ॲ आणि ऱ पहिल्याच थरात असावेत. शोधयंत्रांनी आणि ग्रंथालयांच्या सूचींनी ‘ॲ’ची दोन्ही रूपं आणि अर्ध्या र चे दोन्ही संकेत एकच मानावेत. यातलं शेवटचं काम सर्वांत निकडीचं आहे, कारण जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं आता झपाट्याने संगणकावर चढत आहेत, आणि दोन संकेतांत विभागलेला मजकूर रोज वाढतो आहे.