हिरव्या वायरचा स्क्रू

"अरे, कूलरला करंट येतोय!"

मे महिन्यातली दुपार. बडोद्यात निजामपुऱ्यातल्या आमच्या घरी आई लोखंडी कूलरमध्ये पाणी ओतत होती. बोटांना झिणझिण्या आल्या आणि तिनं बादली तशीच खाली टेकवली. पायात रबरी स्लिपर होत्या. मी धावत जाऊन बटण बंद केलं, प्लग उपसला.

शेजारचे काका मल्टीमीटर घेऊन आले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात ते शिकले, याचा त्यांना फार अभिमान. "प्लग बाहेरच राहू दे, कूलरचं बटण मात्र चालू कर," म्हणाले. मीटरचं एक टोक फेजच्या पिनेला, दुसरं कूलरच्या पत्र्याला. मीटर वाजू लागलं : ०.४ ओहम. पंपाची वायर पत्र्याच्या कडेला घासून सोलली होती. मग फेजवरचं टोक काढून अर्थिंगच्या जाड पिनेला लावलं. आवाज नाही. पडद्यावर 'ओएल', म्हणजे मीटरच्या आवाक्याबाहेरचा रोध. प्लग उघडला, तर अर्थिंगची हिरवी वायर स्क्रूमधून निसटून नुसती लोंबत होती.

जिथे रोध अफाट हवा तिथे तो जवळपास शून्य, आणि जिथे शून्याजवळ हवा तिथे अफाट! काकांनी वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. अर्थिंग शाबूत असतं आणि त्या वाटेचा रोध २ ओहम धरला, तर २३० व्होल्टला शंभरेक अँपिअर धावले असते आणि एमसीबी क्षणात पडला असता. वाट तुटल्यामुळे काहीच वाहिलं नाही, म्हणून एमसीबीला पत्ता नाही. पत्रा मात्र २३० व्होल्टवर तसाच उभा.

आईच्या वाटेत स्लिपरांचे लाखो ओहम होते, म्हणून जेमतेम एखादा मिलिअँपिअर गेला. ओल्या फरशीवर अनवाणी असती तर शरीराचा रोध हजार ओहमवर आला असता, आणि प्रवाह २३० मिलिअँपिअरवर. घरांत बसवतात तो आरसीसीबी गळतीच्या ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, ते उगाच नाही. आमच्याकडे तो नव्हता.

सोललेली वायर बदलली, हिरवी वायर आवळली. काकांनी पुन्हा टोकं लावली. अर्थिंगला बीप, फेजला शांतता. त्याच आठवड्यात आरसीसीबी बसवला.

फरशी पुसताना आई स्लिपर काढून ठेवते. ते आठवलं की आजही माझे हात गार पडतात.