डावीकडची ओढ

जीप हे वाहन आपल्याकडील खेड्यापाड्यांत इतके मुरले आहे की ते परदेशातून आले, हे सांगूनही खरे वाटत नाही. महायुद्धात नावाजलेल्या विलिज जीपची जुळणी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी सुरू केली. तिचे उंच बॉनेटचे रूप मूळ अमेरिकन कारखान्यात १९६८ साली बंद पडले, तरी आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे निघत राहिले. आमच्या दादांची जीप त्याच वंशातली, १९७२ सालची. जांबोटीच्या पुढे रानात आमचे गाव. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढले की रुग्णवाहिका अलीकडेच थांबते. बाळंतपणाला निघालेली बाई पलीकडून अलीकडे आणावयाची, तर जीपवाचून दुसरे साधन नाही. तेव्हा ही जीप आमच्या घरची असली तरी तिच्यावर हक्क साऱ्या वाडीचा आहे, असे म्हणावे लागेल.

गेल्या दोन पावसाळ्यांपासून तिला एक खोड जडली होती. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जरा सैल सोडले की ती डावीकडे जाई. आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या घरात पोचून एखादा खड्डा लागला की पुढची दोन्ही चाके अशी थडथडू लागत, की वेग पार उतरल्याखेरीज ती थांबत नसत. डावीकडे म्हणजे रस्त्याची कड, आणि आमच्या वाटेवर कडेच्या पलीकडे उतार. शहरातील एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तीनदा अलाइनमेंट करून झाले. दर वेळी आकड्यांचा छापील कागद मिळे आणि चार दिवसांत दुखणे पूर्ववत होई. पुतण्या म्हणू लागला, भंगारात काढा. दादा म्हणत, "म्हातारी झाली की थोडी ओढणारच की रे!" आत अवघडलेली बाई असताना ते थोडे ओढणे किती महागात पडेल, याचा विचार मनात आला की माझी झोप उडे.

शेवटी लष्करी वाहनांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त मिस्त्री दादांच्या ओळखीने घरी आले. ते म्हणाले, "सस्पेन्शन बघूया आधी." सस्पेन्शन म्हणजे निलंबन हे आम्हा सरकारी नोकरांना नको इतके ठाऊक असते. गाडीच्या बाबतीतही परिभाषाकारांनी तोच शब्द योजला आहे, आणि तो मला कधीच रुचला नाही. ज्याच्यावर सारा भार पेलायचा, त्याला निलंबित म्हणायचे, ही कुठली रीत!

मिस्त्रींनी यंत्र कसलेच आणले नव्हते. एक जॅक, एक टेप, ओळंबा आणि खडू, एवढेच. प्रथम त्यांनी टायरच्या नक्षीवरून आडवा तळहात फिरवला. एका दिशेने ती गुळगुळीत लागे, उलट दिशेने करवतीसारखी. चाके सरळ न लोळता फरफटत चालली आहेत, याची ती खूण. मग चाक उचलून वरखाली दोन्ही हातांनी धरून हलवले. चाक डुगडुगले. त्यांनी दादांना ब्रेक दाबून धरावयास सांगितले व पुन्हा हलवले. ब्रेक दाबल्यावर डुगडुग गेली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली, तर किंगपिनचा. ती राहिली. डावीउजवीकडून धरून हलवले, तेव्हा टाय-रॉडचे सांधे आणि मधला बेलक्रँक मात्र घट्ट निघाले. चाकांच्या थरथरीचे मूळ सापडले, पण डावीकडच्या ओढीचे नव्हे.

त्यानंतर जे झाले ते मला फार आवडले. जीप सपाट जागी उभी करून, पुढची चाके सरळ ठेवून त्यांनी चारही चाकांच्या मध्यातून ओळंबा सोडला, जमिनीवर खडूच्या खुणा केल्या आणि टेप लावला. या जीपच्या पुढच्या व मागच्या आसांत ८० इंच अंतर असावयास हवे. उजवीकडे ते बरोबर भरले. डावीकडे पाऊण इंच कमी!

पाट्यांची चळत मधोमध एका बोल्टने बांधलेली असते आणि त्या बोल्टचे डोके आसाच्या खोबणीत बसते. आस जागच्या जागी राहतो तो त्यामुळे. बाहेरून आवळणारे यू-बोल्ट ढिले पडले की सारा मार त्या एकट्या बोल्टवर येतो, आणि एखाद्या खड्ड्यात तो तुटतो. डाव्या पाट्यातला बोल्ट असाच तुटून आस त्या अंगाला मागे सरकला होता. गाडी आखूड बाजूकडे वळणारच. बैलगाडीचा कणा एका बाजूने मागे सरकला तर गाडीवानाला ते बसल्या जागी कळेल. यंत्रावर गाडी चढवणाऱ्याने खाली वाकून पाहिले नाही, एवढेच. झिजलेल्या सांध्यांवर आणि सरकलेल्या आसावर अलाइनमेंट करणे म्हणजे अक्षर वळणदार काढून शुद्धलेखन चुकवणे होय. त्या छापील कागदांना मी तरी शून्यच गुण देईन.

नवा बोल्ट, नवे यू-बोल्ट आणि शॅकलचे बुश पहिल्या दिवशी बसले. किंगपिनच्या बेअरिंगच्या वाट्यांवर रोलरांचे वण उमटले होते, त्या बदलल्या. टोपणाखालच्या पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-अधिक करून त्यांचा ताण जुळवताना मिस्त्री स्प्रिंगचा काटा अडकवून चाकाचा सांधा ओढून पाहत. फार सैल झाला तर थरथर, फार घट्ट झाला तर वळणानंतर चाक आपसूक सरळ येत नाही. ते सरळ येते, कारण किंगपिन वरच्या बाजूने सुमारे ३ अंश मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो तो याचसाठी. मुले हात सोडून सायकल चालवतात, तेव्हा याच कलाच्या आधारावर चालवतात हे मुलांना ठाऊक नसते, आणि एका अर्थी ते बरेच आहे.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी झाले. चाक फिरवत टायरवर खडूने रेघ ओढली आणि दोन्ही रेघांतील अंतर पुढून व मागून मोजले. पुढचे अंतर सव्वा ते अडीच मिलिमीटरने कमी हवे. टाय-रॉडच्या दोन टोकांचे आटे उलटसुलट असतात, त्यामुळे दांडी फिरवली की ते जुळते. काम दीड तासाचे, पण त्याआधीचे दोन दिवस नसते तर व्यर्थ.

दादांनी जांबोटीच्या रस्त्यावर हात सैल सोडून पाहिले. जीप सरळ गेली. ताशी ५५ वर बारीक कंप उरला आहे. तो करवती झालेल्या टायरांचा, आणि नवे टायर उसाचे बिल आल्यावर. शंभर किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळण्यास मिस्त्रींनी बजावले होते. दादा विसरतील म्हणून पुतण्याने ते डॅशबोर्डावर खडूने लिहून ठेवले आहे. भंगाराची गोष्ट त्याने पुन्हा काढलेली नाही.