पाच काडतुसं, पाच खोके

निफाडचा पारा घसरला की आता पेपरात बातमी येते. आमच्या वेळी तो घसरल्याचं थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्टला हात लावल्यावर कळायचं. सत्तरच्या दशकात कॉलेजात एनसीसी घेतलेले आम्ही. पहाटे कोतासमोर, म्हणजे शस्त्रागारासमोर, रांग लावायची, बट नंबरापुढे सही करायची आणि रायफल ताब्यात घ्यायची. चार किलोंचं ते धूड परेडच्या आधी रुबाब वाटायचं, परेडनंतर शिक्षा. त्यातल्या बऱ्याचशा तर डीपी, म्हणजे निव्वळ ड्रिलपुरत्या. कायमच्या मुक्या केलेल्या.

परवा टेक्सासहून पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या गॅरेजात चार देशांच्या चार निवृत्त लष्करी रायफली. तिकडे असला जुना सरकारी माल दुकानात मिळतो आणि हौशी लोक रविवारी रेंजवर नेऊन उडवतात. इकडे .303 सामान्य माणसाला बंद, परवानाधारकानं .315 वर समाधान मानायचं.

त्यानं एकेक दाखवली. रशियन मोसिन-नागांत दणकट, पण अडाणी. बोल्ट अडला की तळव्यानं ठोसा हाणायचा. वर्षानुवर्षं ग्रीस फासून ठेवलेली, त्यामुळे नळी तापली की लाकडाला अजून चिकट घाम फुटतो. स्वीडिश माउझरच्या दस्त्यावर पितळी चकती, नळी कितपत झिजली याची नोंद सांगणारी. स्विस के-31 चा बोल्ट फिरवायचाच नाही, सरळ मागे ओढायचा. तिच्या दस्त्याची लोखंडी पट्टी उघडली तर आत एक चिठ्ठी निघाली, कुणा जुन्या शिपायाचं नाव-गाव लिहिलेली. आम्ही बट नंबरवर सह्या केल्या, पण आमचं नाव कुठल्याच रायफलीच्या पोटात राहिलं नाही.

चौथी पाहताना मी चष्मा पुसला. आपल्या इशापूरची 2ए1! 1962 च्या युद्धानंतर एनफिल्डच्याच जुन्या सांगाड्यात 7.62 चं नवं काडतूस बसवून केलेली, बारा गोळ्यांच्या चौकोनी मॅगझिनची.

‘‘काका, यातली भारी कोणती?’’

नेमाला स्विस, हे मलाही कळतं. पण माउझरचा बोल्ट नव्वद अंश उचलावा लागतो, आपला साठात उठतो. गाल दस्त्यावरून न हलवता पुढची गोळी तयार. इंग्लंडातल्या एनफिल्डचं नाव लावणारी रायफल ‘आपली’ कधी झाली, देव जाणे.

आमचं फायरिंग वर्षाकाठी एकदा, तेही बहुधा पॉइंट टू-टूचं. थ्री-नॉट-थ्रीची पाच काडतुसं कॅम्पात मिळाली तर नशीब. खांद्यावर शर्टाच्या आत रुमालाची घडी, कानांत कापसाचे बोळे. उस्ताद ओरडायचे, ‘‘शिस्त लो!’’ म्हणजे नेम धरा, आणि आमच्या पाचही गोळ्या टार्गेट सोडून मातीच्या बांधात. नेमाचा हिशेब कुणी मागत नसे. खोक्यांचा मात्र चोख लागे. पाच काडतुसं उडवली की पाच रिकामे खोके परत. एकदा एक कमी भरला आणि अख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत गवतात रांगली. निघाला माझ्याच सतरंजीच्या घडीत. मग नळीत उकळतं पाणी ओतायचं, फुलतरूच्या दोरीला चिंदी बांधून ओढायची, ती पांढरी येईपर्यंत. चहा त्यानंतर.

आताच्या पोरांना दहा मीटरवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट आणि दशांशातले गुण. ना धूर, ना धक्का, ना चिंदी. त्यांना हसावं तर 2024 साली पॅरिस ऑलिंपिकहून आपल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसळे 451.4 गुणांचं कांस्यपदक घेऊन येतो. आमच्या बांधात रुतलेल्या शिशातून असलं काही उगवणार नव्हतं. आणि थ्री-नॉट-थ्रीचं कौतुक करताना 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला घशात अडकतो. सीएसटीवर समोर एके-47 आणि आपल्या पोलिसांच्या हाती हीच. आम्हाला ती पाच गोळ्यांपुरती मिळाली म्हणून गोड लागली.

रविवारी पुतण्यानं रेंजवरून पुन्हा फोन लावला, खास मला ऐकवायला. इशापूरच्या पाच गोळ्या धडाधड उडवल्या. आवाज फोनमध्ये फाटला, बोल्टची खटखट तेवढी ओळखीची आली.

‘‘खोके मोजून घे रे,’’ मी म्हणालो.

‘‘इथे कोण मागतंय, काका?’’ तो हसला आणि पुढचं मॅगझिन भरायला लागला.

मी मात्र स्क्रीनवर मोजत होतो. चारच दिसत होते.