चिमटा कोणाच्या वजनाचा?

सायकलचं पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाला दुकानात चिमटा म्हणतात. पूर्वी तो साधा पोलादी असायचा आणि सायकल भंगारात जाईपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नसे. आता मुलांच्या गिअरच्या सायकलींना स्प्रिंगचा चिमटा असतो, आणि तो बदलायचा म्हटलं की किंमत ऐकून घरात सगळे एकमेकांकडे बघू लागतात. आमच्याकडे गेल्या पावसाळ्यानंतर असंच झालं. लेकीची सायकल 24,000 रुपयांची, आणि तिने कागदावर लिहून आणलेला चिमटा 15,500 चा. दादींनी चष्मा वर करून आकडा पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "इतने पैसों में तो दुसरी सायकल आती!"

हिशेब म्हणून दादींचं चुकलं नव्हतं. त्यात पैसेही वेगळे काढलेले नव्हते. भिशीचा नंबर लागला होता आणि त्या रकमेवर वॉशिंग मशीनचं नाव केव्हाच पडलं होतं.

आम्ही साताऱ्यात राहतो. आमच्या दोघांपैकी एकाचं दुचाकींचं गॅरेज आहे, दुसरी गॅरेजचे आणि घरचे हिशेब बघते. लेक अकरावीत. आठवड्यातून तीन-चार दिवस ती फजरनंतर मैत्रिणीबरोबर निघते, यवतेश्वरचा घाट चढते आणि कासच्या रस्त्यावरून आत वळून वस्त्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांवर जाते. (खुद्द कासच्या पठारावर चाकं घालायची नाहीत, हे तिला आणि तिच्या मैत्रिणीला बजावलेलं आहे. तिथली फुलं जपायची आहेत.) या वाटांवर जांभा दगड उघडा पडलेला असतो. पावसाने माती वाहून गेली की खाली खडबडीत, दाताळ खडक राहतो.

तक्रार उतरतानाची होती. दहा मिनिटांत बोटं बधिर व्हायची, मनगटं ठणकायची, आणि ब्रेकचा दांडा नेमका गरजेच्या वेळी नीट दाबला जायचा नाही. दोनदा ती पडता पडता वाचली. मग उताराला खाली उतरून चालू लागली. डॉक्टरांनी हात तपासून हाडाला काही नाही, विश्रांती द्या, असं सांगितलं. नातेवाइकांपैकी काहींना तेवढं पुरलं. मुलीच्या हाताला झेपत नाही, तर हा नाद सोडून द्यावा, असं समजुतीच्या सुरात दोन-तीन घरांतून येऊन गेलं. डिसेंबरात निवड चाचणी होती, तिचं नाव दिलेलं होतं. म्हणजे मशीन घ्यायचं की चिमटा, एवढाच हा प्रश्न नव्हता. दोष पोरीच्या हातात आहे की सायकलीत, ते आधी ठरायला हवं होतं.

गॅरेजमध्ये दोष शोधताना स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करतात. आम्ही आधी टायरची हवा पाहिली. पंक्चरवाल्याने पुढच्या चाकात 50 पीएसआय भरलेली होती. टायर दगडासारखा. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरला इतक्या हलक्या मुलीसाठी त्याची गरज नसते. आम्ही ती 28 वर आणली. एक पैसा खर्च न होता निम्मी तक्रार गेली. हे इथे मुद्दाम लिहितो, कारण ज्यांच्या घरी अशी सायकल आहे त्यांनी चिमट्याचं नाव काढण्याआधी हे करून पाहावं. ट्यूब असलेल्या टायरची हवा फार उतरवली तर दगडावर आपटून ट्यूब चिरते, तेवढं सांभाळावं.

उरलेली निम्मी तक्रार चिमट्याची होती, आणि ती दाखवायला एक दोरा पुरला. चिमट्याची वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत सरकते. तिथे दोऱ्याची घट्ट गाठ मारली, ती खाली टेकवली, लेकीला हळूच सायकलीवर बसवलं आणि उतरवलं. नुसत्या वजनाने चिमटा जेवढा दबतो तेवढी गाठ वर सरकते. एकूण दबण्याची जागा 100 मिलिमीटर असेल तर 20 ते 25 मिलिमीटर एवढं बसल्या जागी दबायला हवं, म्हणजे चाक खड्ड्यात उतरतानाही जमिनीला धरून राहतं. लेकीची गाठ सरकली 6 मिलिमीटर. दुसऱ्या दिवशी तीच गाठ बांधून ती घाटावर गेली, सगळा दगडाळ उतार उतरून आली, तर जास्तीत जास्त 35. बाकीचे 65 मिलिमीटर दोन वर्षांत कधी वापरलेच गेले नव्हते. ती स्प्रिंगच्या सायकलीवर बसून साध्या चिमट्याचे दणके खात होती, वर त्या स्प्रिंगचं ओझं घाटावर चढवत होती.

कारण सोपं आहे. लोखंडी स्प्रिंग कारखान्यात एका ठरावीक वजनासाठी निवडली जाते, आणि स्वस्त सायकलीत ते वजन मोठ्या माणसाचं धरलेलं असतं. आमची लेक 44 किलोची. स्कूटर-मोटारसायकलीत हा फरक एवढा जाणवत नाही, कारण गाडीच शंभर-सव्वाशे किलोची असते. चालवणारा 50 चा की 80 चा, एकूण बेरजेत तो फरक लहान ठरतो. सायकल 14 किलोची. तिथे स्प्रिंगवर येणारं जवळपास सगळं वजन माणसाचंच. आयुष्यभर मोटारसायकलींचे फोर्क उघडणाऱ्याला हे लगेच पटलं.

चिमट्याच्या डोक्यावर एक निळी चावी होती, तिच्यावर अधिक-उणे लिहिलेलं. ती पूर्ण सैल करून पाहिली. तिने स्प्रिंगला आधीपासून किती दाबून ठेवायचं तेवढंच बदलतं. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. काही चिमट्यांसाठी नरम स्प्रिंग वेगळी मिळते, आणि मिळत असेल तर हजार-दीड हजारात काम होतं. आमच्यासाठी ती मिळाली नाही. बिनस्प्रिंगचा साधा चिमटा लावावा असाही विचार झाला. तो हलका आणि स्वस्त पडतो, देखभालही नाही. कॉलेज, क्लास, बाजार यांसाठी सायकल असेल तर आम्ही कुणालाही डोळे झाकून तोच सांगू. जांभ्यावर मात्र तो लेकीला आहे त्याच जागी ठेवणार होता.

म्हणून हवेचा चिमटा. त्यात लोखंडी स्प्रिंगच्या जागी बंद नळीतली हवा दाबली जाते, आणि हवा माणसाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते. पुढे हिचं वजन वाढलं तरी चिमटा तोच चालणार. हिशेबाच्या वहीत 15,500 च्या पुढे आम्ही पहिला मुद्दा हाच लिहिला.

अशा चिमट्याची जन्मकथा गॅरेजमध्ये फार आवडली. रॉकशॉक्स ही कंपनी 1989 मध्ये अमेरिकेत पॉल टर्नर यांनी काढली. ते मोटारसायकलच्या शर्यतींच्या दुनियेतून आलेले मेकॅनिक. त्यांचा पहिला चिमटा, आरएस-1, हवा आणि तेलावरच चालायचा. 1990 मध्ये अमेरिकेतल्या ड्युरँगोला जागतिक अजिंक्यपद झालं, तिथे ग्रेग हर्बोल्ड उताराच्या शर्यतीत तोच चिमटा लावून पहिला आला. "म्हणजे हे आपलंच काम," असं आमच्यातला गॅरेजवाला दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता.

खरी डोकेदुखी मापांची निघाली. चांगला चिमटा कोणता हे कुणीही सांगतं. या फ्रेमला कोणता बसतो हे फ्रेमच सांगते. चिमट्याची एक नळी हॅन्डलखालच्या भागातून वर जाते. जुन्या आणि स्वस्त फ्रेमला ती वरपासून खालपर्यंत सरळ, सव्वा इंचाला जरा कमी, 28.6 मिलिमीटरची लागते. नव्या महाग सायकलींत ती खाली दीड इंचापर्यंत जाड होत जाते. जाड बुडाची नळी आमच्या फ्रेममध्ये शिरणारच नव्हती. फॉक्सचे सगळे चांगले चिमटे तिथेच गळाले. रॉकशॉक्स आणि सनटूर यांच्याकडे सरळ नळीचे काही निघाले. मग चाकाचा आस. आमच्या चाकाला 9 मिलिमीटरचा, झटकन उघडणाऱ्या दांडीचा आस होता. 15 मिलिमीटरच्या जाड आसाचा चिमटा घेतला असता तर पुढचा हबही बदलावा लागला असता, मग तारा, मग मजुरी. चाक साडेसत्तावीसचं, डिस्क 160 ची, तेही जुळायला हवं होतं.

मुंबईहून एक जुना चिमटा निम्म्या किमतीत आला. माल उत्तम, नळ्यांवर ओरखडा नाही. पण आधीच्या मालकाने वरची नळी आपल्या छोट्या फ्रेमप्रमाणे कापलेली होती. आमच्या फ्रेमला ती 15 मिलिमीटर कमी पडली. हॅन्डलची पकड नळीवर पूर्ण बसायला हवी. अर्धवट पकडीवर उतारावर पोरीला सोडणं शक्य नव्हतं. परत पाठवला. जुना चिमटा घेताना आधी ही लांबी विचारावी, फोटो नंतर बघावा.

एका दुकानदाराने 120 मिलिमीटरचा घ्या म्हणून फार आग्रह केला, त्याच किमतीत. जास्त दबतो म्हणजे जास्त चांगला, असं ऐकायला बरं वाटतं. पण चिमटा 20 मिलिमीटर उंच झाला की सायकलचं तोंड वर होतं, हॅन्डलच्या नळीचा कोन सुमारे एका अंशाने पडतो, चढावर पुढचं चाक भरकटू लागतं, आणि वेल्डिंगवर ताण वाढतो तो वेगळाच. फ्रेम 100 साठी बनलेली होती. 35 मिलिमीटरच वापरलेल्या मुलीला आधीचे 100 पुरे वापरता आले तरी खूप होतं.

वॉशिंग मशीनचं काय, हे आमच्यात तीन रात्री चाललं. शेवटी दादीच म्हणाल्या, "कपडे मैं भी धोती थी, हात नहीं टूटे. छोरी के हाथ देखो." मशीन पुढच्या भिशीवर गेलं. दादींनी 500 रुपये वर घातले, ते शॉक पंपाच्या कामी आले.

हा पंप वेगळा असतो आणि तो घ्यावाच लागतो. चिमट्याचा व्हॉल्व मोटारसायकलच्या टायरसारखाच दिसतो, त्यामुळे गॅरेजमधला कॉम्प्रेसर लावायचा मोह होतो. आतली जागा मूठभरही नसते. कॉम्प्रेसरने क्षणात दाब कुठल्या कुठे जातो आणि सील फाटतं. आमच्या पोऱ्याला आम्ही चिमट्याला तांबडी चिकटपट्टी लावून बजावलं. तसंच मोटारसायकलचं जाड फोर्क ऑइल यात घालायचं नाही. कंपनीने सांगितलेलं पातळ तेलच.

जुम्म्याच्या दुपारी गॅरेज बंद होतं, तेव्हा बसवला. जुन्या नळीच्या बुडाची छर्ऱ्यांची कडी ठोकून काढली, नव्यावर पाइपने बसवली. नळी कापताना 5 मिलिमीटर जास्त ठेवली; कापलेलं परत जोडता येत नाही. नवा चिमटा 1 किलो 900 ग्रॅम भरला, जुना 2 किलो 600.

मग हवा. 45 पीएसआयपासून सुरुवात केली, दोऱ्याऐवजी आता नळीवर रबराची कडीच होती. 42 वर ती 20 मिलिमीटरला थांबली. दुसरी चावी परतण्याच्या वेगाची, खालच्या टोकाला. हलक्या माणसासाठी हवा कमी, म्हणून ती बरीच उघडी ठेवावी लागते. जास्त आवळली तर चिमटा एका दगडावर दबून वर येण्याआधी दुसरा दगड येतो, तो आणखी दबतो, आणि तीन-चार दगडांत खाली बसून राहतो. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "अब्बू, सुरुवातीला मऊ आहे, मग लाकडासारखा होतो." दोन टिचक्या उघडल्यावर तिची तक्रार गेली. घाट चढताना वरची कळ फिरवून चिमटा बंद करायचा, माथ्यावर उघडायचा, हे तिने स्वतःच अंगवळणी पाडलं.

बोटं अजून कधीकधी जड होतात, लांबच्या दिवशी. पण ती उतरते आहे, खाली न उतरता. चाचणीत ती अकरावी आली, निवड आठ जणींची होती. पुढच्या वर्षीसाठी तिने घाटाचे वेळ लिहायला वही केली आहे. साधारण 50 तास चालवल्यावर खालच्या नळ्या काढून धूळ पुसायची, तेल बदलायचं, त्याची नोंदही त्याच वहीत आहे; पहिली सर्व्हिस गॅरेजमध्ये दोघांनी मिळून केली.

जुना चिमटा भिंतीवर टांगला होता. तिच्या मामेभावाचा चिमटा गंजून अडकला तेव्हा तो त्याने नेला. तो 78 किलोचा. त्याच्या खाली ती स्प्रिंग बसल्या जागी 22 मिलिमीटर दबली, आणि आता तो म्हणतो की एवढी चांगली वस्तू तुम्ही काढलीत कशी. फक्त त्याच्या फ्रेमची नळी 10 मिलिमीटर लांब निघाली, म्हणून हॅन्डलखालच्या दोन कड्या काढाव्या लागल्या.