कौलं चाळताना

मे सरत आला की बाबा कौलं चाळायचे. त्या वर्षी त्यांचा पाय मोडलेला, आणि गड्याला द्यायला पैसे नव्हते. मी आठवीत. ‘तूच चढ,’ म्हणाले.

भर दुपारी आईने दारं-खिडक्या लावून घेतल्या. काळोखात जिथे कवडसा दिसे, तिथे बाबा खाटेवरून बोट दाखवायचे आणि मी माळ्यावरून त्या फटीत झाडूचा हीर खोचायचो, म्हणजे वरून जागा सापडते. सतरा हीर झाले. माकडांची कृपा!

मग छपरावर. ‘पाय रिपेवर येईल असा दे, कौलाच्या पोटावर नको,’ आतून बाबांचा आवाज. वरचं मंगलोरी कौल जरा उचलायचं, फुटकं ओढायचं, नवं सरकवून रिपेला अडकवायचं. सोळा बसली. सतरावं हातून निसटलं, अंगणात फुटलं. थप्पीत तेवढंच उरलं होतं. फुटकंच परत बसवलं. बाबा काही बोलले नाहीत.

मृगाचा पहिला पाऊस रात्री आला. टपटप एकाच जागी, नेमकी बाबांच्या पायथ्याशी. आई टोप घेऊन उठली. अंधारात बाबा म्हणाले, ‘सोळा टिकली रे.’