म्हादईच्या खोऱ्यात दोन दिवस

पावसाळा सुरू झाला की कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. मी वाळपईला सहा वर्षं कारकुनी केली हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाकडे मुंबई-पुण्याचे पाहुणे आले की, "सत्तरीत दोन दिवसांत काय काय बघून होईल हो?" धबधबे, राफ्टिंग, जंगलातलं एखादं कॉटेज ही यादी पाहुण्यांनी मोबाइलवर आधीच काढलेली असते. माझ्याकडून फक्त रस्ता हवा असतो.

रस्ता सोपा. पणजीहून साखळी, होंडा करत वाळपई. पुढे डोंगर जवळ येतात, माड मागे पडतात आणि पोफळीची कुळागरं सुरू होतात. खानापूर तालुक्यात उगम पावलेली म्हादई घाट उतरून इथे येते. पुढे तीच मांडवी! पणजीत कॅसिनोच्या बोटी तिच्यावरच उभ्या आहेत, पण तिथे तिला म्हादई म्हणून कुणी हाक मारीत नाही. सत्तरीत मात्र उन्हाळ्यात तिच्या पात्रातच बांध घालून भात पिकवायची रीत होती. पुरण शेती म्हणतात तिला. आता ती क्वचितच दिसते.

इतिहास म्हणाल तर पावलोपावली आहे. ब्रह्मकरमळीची ब्रह्मदेवाची मूर्ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या भीतीने तिसवाडीतल्या करमळीहून इथे आणली गेली, म्हणजे तीही एका अर्थी विस्थापितच. नाणूसचा किल्ला दीपाजी राण्यांनी १८५२ साली घेतला. १८९५ मध्ये आफ्रिकेत जायला नकार देणारे मराठे शिपाई राण्यांना येऊन मिळाले, तेव्हा बंड मोडायला लिस्बनहून राजाच्या भावाला फौज घेऊन यावं लागलं. हे मी सांगू लागलो की पाहुणे विचारतात, "किल्ल्यावर फोटो चांगले येतात का?" नाही येत. फारसं काही उरलेलंच नाही.

मला विचाराल तर झर्मे गाव बघावं, तेही शिगम्यात. तिथला चोरोत्सव ज्याने पाहिला, तो विसरत नाही. आख्यायिका अशी, की कोणे एके काळी परगावचे काही तरुण गावात आले आणि चोर समजून गावाने त्यांना मारलं. मागाहून कळलं, पोरं निरपराध होती. म्हणून गावचेच पुरुष चोर होतात. काहींना मानेपर्यंत मातीत पुरतात, तर काहींचं डोकं जमिनीत आणि धड वर. ढोल वाजत असतात, पण बघणाऱ्यांत हसणारं कुणी नसतं. परक्या माणसावर केलेला अन्याय दरवर्षी स्वतःच्या अंगावर घेणारं असं गाव मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

आता या गावांचं काय चाललंय, तेही सांगायला हवं. माझ्या टेबलासमोर एक म्हातारे गृहस्थ यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक-चौदाचा उतारा असायचा. काजूची झाडं त्यांच्या वडिलांनी लावलेली, पण उताऱ्यावर नाव भलत्याचंच. "बाबा, माझें नांव खंय आसा तें दाखय मरे," म्हणायचे. कुठे नव्हतंच, तर दाखवणार काय? मोकाशांची जमीन, वनखात्याची जमीन, सरकारी जमीन... कसणाऱ्याची तेवढी नाही. शेळ-मेळावलीत २०२० साली आयआयटीसाठी जागा ठरली तेव्हा लोक, विशेषतः बायका, रस्त्यावर का उतरल्या, हे मला वर्तमानपत्र वाचून समजून घ्यावं लागलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये प्रकल्प तिथून हलवला गेला. उताऱ्यांचा प्रश्न त्याने सुटला नाही.

वाघाचंही तसंच. गोळावलीत जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तीन बछडे मेलेले सापडले. मारणाऱ्यांचं समर्थन नाहीच. पण अभयारण्य १९९९ साली झालं आणि घरं-बागायती त्याच्या कितीतरी आधीच्या, हे पणजीत बसून 'सेव्ह टायगर' म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन ऐकावं.

तर पाहुण्यांनो, जरूर या. वाळपईच्या बाजारात भाजी-पाव खा, पुढे हॉटेलं विरळ आहेत. मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून रस्ता आधी विचारून घ्या. आणि झर्म्याला गेलात तर मांडावर चपला घालून चढू नका. पुरलेल्या माणसांशेजारी उभं राहून सेल्फी तर मुळीच काढू नका.